पगार कमी, थाट जास्त: दोन बहिणींच्या घरांचा हिशेब

हे प्रकरण दोन सख्ख्या बहिणींच्या घरांचं आहे. धाकटी आणि तिचा नवरा माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. थोरली, म्हणजे ताई, या गोष्टीत नंतर आली. दोन्ही घरांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र खरे आहेत, फक्त त्यांचं माप बदललं आहे: धाकटीच्या घरात दोघांचे मिळून दरमहा जे हातात पडतात ते १०० धरले आणि बाकी सगळं त्याच मापात मांडलं. म्हणजे कुठे ३८ लिहिलं असेल, तर ते त्यांच्या महिन्याच्या मिळकतीच्या ३८ टक्के.

पार्श्वभूमी

दोघंही नोकरी करणारे, लग्नाला नऊ वर्षं झालेली, एक मुलगी. नोकऱ्या पक्क्या, पगार वेळेवर. व्यसन नाही, जुगार नाही, कुणाच्या आजारपणाचा मोठा फटकाही बसलेला नाही. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मॅडम, ताईच्या घरात आमच्यापेक्षा कमी पैसे येतात. भावोजींचा पगार मला माहीत आहे. तरी त्यांचं घर मोठं, गाडी मोठी, वर्षातून दोनदा सहल. आमचं कुठे चुकतंय, तेवढंच सांगा."

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. कुणी शेजाऱ्यांबद्दल विचारतं, कुणी ऑफिसातल्या सहकाऱ्याबद्दल. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: त्यांना पैसा सांभाळता येतो, आपल्याला येत नाही. हिच्या मनातही तेच होतं. तीन वर्षांपूर्वी या दोघांनी घर घेतलं, तेव्हा गरजेपेक्षा एक खोली जास्त घेतली. कारण ताईकडे पाहुण्यांची वेगळी खोली होती. दीड वर्षापूर्वी गाडी घेतली तीही ताईच्या गाडीच्या तोडीची. यातलं काही त्यांनी लपवलं नाही, उलट तिने स्वतःहून सांगितलं. आई फोनवर सारखी "ताईकडे बघ" म्हणते, हेही सांगितलं.

दुसऱ्याकडे बघून खर्च वाढणं हा या दोघांचा खास दोष नव्हे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स ड्यूझनबेरी यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं की माणूस किती खर्च करतो हे त्याच्या स्वतःच्या मिळकतीइतकंच आसपासच्यांच्या तुलनेत तो कुठे आहे यावर ठरतं. एकदा चढलेलं राहणीमान सहजी खाली येत नाही, हेही त्यांनीच म्हटलं होतं. नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर एक लॉटरी निघते. त्या कोडमधल्या तिकीट घेतलेल्या घरांना बक्षीस लागतं, न घेतलेल्यांना काही नाही. तिच्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बक्षीस लागलेल्यांच्या शेजाऱ्यांनी, स्वतःला काहीही मिळालेलं नसताना, इतरांपेक्षा जास्त प्रमाणात गाड्या घेतल्या होत्या. कॅनडातला २०२० चा अभ्यास याच्याही पुढे जातो: लॉटरी जिंकणाऱ्याची रक्कम जितकी मोठी, तितकं त्याच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांमध्ये दिवाळं निघण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मी हे त्या दोघांना सांगितलं तेव्हा नवरा प्रथमच खुर्चीत जरा सैलावून बसला.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या भेटीतच आम्ही महिन्याचा हिशेब मांडला. घराचा हप्ता ३८. गाडीचा हप्ता १४. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ९. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम सुमारे ४. मुलीची शाळा आणि ऑफिसची वेळ संपेपर्यंत तिला सांभाळायची व्यवस्था मिळून १७. किराणा, वीज, पेट्रोल, कपडे, बाहेर जाणं, सगळं धरून १९. विमा २. नवऱ्याच्या आईवडिलांना दरमहा ३. बेरीज १०६.

मिळकत १००, खर्च १०६. वरचे ६ दरमहा कार्डावर चढत होते. कार्डाची थकबाकी त्या दिवशी ७४ होती. पत्रकावर व्याज 'दरमहा ३ टक्के' असं छापलेलं. ३ हा आकडा लहान वाटतो, म्हणून मी तो त्यांच्यासमोर वर्षाचा करून दाखवला. चक्रवाढीने तो ४२.६ टक्के होतो आणि काहीच न फेडलेली रक्कम दोन वर्षांच्या आत दुप्पट होते. किमान रक्कम भरली की आपण कर्ज फेडतोय असं वाटतं. यांच्या ४ पैकी निम्म्याहून जास्त पैसे व्याजातच जात होते, आणि दुसऱ्या बाजूने ६ नव्याने चढत होते.

वैयक्तिक कर्जाचं काय केलं, हे मी विचारलं. मूळ रक्कम २६३. त्यातले ९० एका सहलीला गेले, ११३ घराच्या सजावटीला आणि उरलेले ६० आधीच्या कार्डाची थकबाकी फेडायला. म्हणजे कार्ड एकदा पूर्ण रिकामं झालं होतं आणि वर्षभरात पुन्हा भरलं होतं. हा तपशील नवऱ्याने ओझरता सांगितला. मी तो वहीत दोनदा अधोरेखित केला आणि पुढे सगळा निर्णय त्यावरच फिरला.

पहिला सल्ला आणि तो का फसला

माझ्या हातून पहिली चूक इथे झाली. तूट ६ ची होती, म्हणून मी १९ च्या घरखर्चातून ६ कापायला सांगितले. बाहेर जाणं बंद, खरेदी बंद, महिन्याचा खर्च १३ मध्ये बसवायचा. कागदावर ते बरोबर जुळत होतं. दोघांनी मन लावून ते पाळलं. दोन महिन्यांत कार्ड ७४ वरून ७० वर आलं.

तिसऱ्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आला. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. घरखर्च परत १९ झाला, वर वाढदिवसाचे ६. महिनाअखेर कार्ड ८० वर होतं, म्हणजे जिथून सुरुवात केली त्याच्याही वर. ती भेटायला आली तेव्हा रडकुंडीला आली होती. "आमच्याने होणारच नाही" म्हणाली.

त्या दिवशी मी त्यांचा तोच कागद पुन्हा पाहिला आणि मला माझी चूक दिसली. १०६ पैकी ८२, म्हणजे घर, गाडी, कर्ज, कार्ड, मुलीची व्यवस्था, हे आधीच बांधलेले होते. महिना सुरू व्हायच्या आत ते ठरलेले. मी कात्री लावली ती उरलेल्या जागेला, जिथे हे कुटुंब खऱ्या अर्थाने जगत होतं. त्या जागेतून एक तृतीयांश कापून कुणीही फार दिवस राहू शकत नाही. हे मला आधीच समजायला हवं होतं.

ताईला विचारलं

मग मी तिला एक गोष्ट करायला सांगितली आणि ती तिला घरखर्च कापण्यापेक्षा अवघड गेली. ताईला थेट विचार, तुमचं कसं भागतं. दहा दिवस ती टाळत राहिली. बहिणी एकमेकींना आजारपण सांगतात, नवऱ्याशी झालेली भांडणं सांगतात, पैशाचं मात्र विचारत नाहीत. शेवटी ती गेली. ताई म्हणाली, "अगं, तू कधी विचारलंच नाहीस." भावोजींनी स्वतः वही काढून आकडे लिहून दिले.

ताईच्या घरात त्याच मापात ९० येत होते, म्हणजे धाकटीचा अंदाज चुकीचा नव्हता. पण घराचा हप्ता होता फक्त १२. घर ११ वर्षांपूर्वी घेतलेलं, आणि किमतीचे ६० टक्के सासऱ्यांनी दिलेले. गाडी कंपनीची, तिचा हप्ता नाही, पेट्रोलही कंपनीचं. सासू-सासरे सोबत राहत असल्यामुळे मुलांना सांभाळायचा खर्च शून्य. शाळेची निम्मी फी आजोबा भरत, यांच्या वाट्याला ६. भावोजींना कामासाठी सतत विमानाने जावं लागे, त्यातून साठलेल्या पॉइंटांवर घरच्या सहलींची बरीच तिकिटं निघत.

बांधलेला खर्च १२ अधिक ६, म्हणजे १८. ९० मधून तो गेल्यावर ताईच्या हातात ७२ मोकळे राहत. धाकटीच्या हातात १०० मधून ८२ गेल्यावर १८. मिळकत दहाने कमी, आणि मोकळा पैसा चौपट. धाकटी हे दोन आकडे मला दाखवत होती तेव्हा तिचा आवाज बदलला होता. ताईकडे पैशाचं काही खास कसब आहे, असं ती वर्षानुवर्षं धरून चालली होती.

घराच्या हप्त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. पगार वर्षाला सरासरी ८ टक्क्यांनी वाढला तर ११ वर्षांत तो सुमारे २.३ पट होतो आणि हप्ता जागच्या जागी राहतो. आज ताईला हलका वाटणारा १२ चा हप्ता सुरुवातीला त्यांच्या तेव्हाच्या मिळकतीच्या जवळपास ३१ टक्के होता. आणि तोही घराच्या फक्त ४० टक्के किमतीवर. सगळं घर कर्जावर घ्यायचं ठरवलं असतं तर हप्ता त्यांच्या मिळकतीच्या ७८ टक्क्यांच्या आसपास गेला असता. तेवढं कर्ज कुठल्या बँकेने दिलं नसतं. ताईचं घर तिच्या पगारातून उभं राहिलेलंच नव्हतं. मात्र मोठं घर घ्यायचं ठरवताना धाकटीने त्याच घराचं माप घेतलं होतं.

माझ्या अनुभवात एखाद्या घराचा थाट पाहून त्याचा झरा ओळखता येत नाही. कुणी स्वस्ताईत घेतलेल्या मालमत्तेवर राहत असतं. कुणाला वडीलधाऱ्यांनी आयुष्याच्या सुरुवातीला मोठा हात दिलेला असतो: शिक्षण कर्जाशिवाय, घराची पहिली रक्कम तयार, मुलं सांभाळायला माणसं घरात. ही मदत घेणाऱ्याला मिळकत वाटतच नाही, म्हणून तो ती मोजत नाही आणि म्हणूनच सांगतही नाही. कुणाची गाडी आणि प्रवास धंद्याच्या खात्यात जातात. कुणी एक पैसाही मागे न टाकता आलेलं सगळं खर्च करतं. कुणी एकाच हौसेसाठी बाकी सगळीकडे हात आखडतं, आणि जगाला फक्त ती हौस दिसते. काही घरं निव्वळ कर्जावर उभी असतात. गाडी दारात उभी असते तेव्हा यातली प्रत्येक गाडी सारखीच दिसते. धाकटीच्या शेजाऱ्यांना तिचं घरही असंच दिसत असणार, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी तिच्याकडे बघून मनातल्या मनात हिशेब करत असणार.

ताईने आणखी एक गोष्ट सांगितली होती, धाकटीने ती मला शेवटी सांगितली. "सोफा बदलायचा तरी बाबांना विचारावं लागतं. मुलांची शाळा त्यांनी ठरवली, नोकरीसाठी दुसरीकडे जायचं होतं तेही त्यांच्यामुळे राहिलं." ज्यांच्या पैशावर घर उभं आहे त्यांचा त्या घरात शब्द चालतो. हा खर्च कुठल्याच वहीत उतरत नाही. पण ताई तो अकरा वर्षं भरत होती.

कोणते मार्ग समोर होते

निर्णयाच्या दिवशी स्थिती अशी होती. कार्ड ८०. वैयक्तिक कर्जाचे २२ हप्ते उरलेले, शिल्लक सुमारे १७४. गाडीचे ४२ हप्ते उरलेले, शिल्लक ४९४. मुलीच्या नावाने बाजूला ठेवलेली मुदत ठेव ७०.

नवऱ्याचा कल बँकेच्या प्रस्तावाकडे होता. गृहकर्जावर वाढीव कर्ज घ्यायचं, त्यातून कार्ड आणि वैयक्तिक कर्ज एकदम मिटवायचं. २५४ ची रक्कम, साडेनऊ टक्के व्याज, घराच्या उरलेल्या १७ वर्षांत फेड. आज ९ आणि ४ मिळून १३ जात होते, ते अडीचवर आले असते. तूट तर मिटलीच असती, वर दरमहा साडेचार उरले असते आणि गाडीही राहिली असती. बँकेने कागद तयार ठेवले होते, सही तेवढी बाकी होती. हा प्रस्ताव मी वाईट म्हणून बाजूला सारला नाही. व्याजाचा दर खरोखर कमी होता. पण १७ वर्षांत २५४ चे ५१३ फेडावे लागणार होते. सहल होऊन गेली, पडदे फाटून गेले, तरी त्यांचे हप्ते मुलगी मोठी होईपर्यंत चालले असते. आणि कार्ड रिकामं झाल्यावर काय होतं, ते या घराने एकदा पाहिलं होतं. वहीतली ती दोनदा अधोरेखित केलेली ओळ मी नवऱ्यासमोर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसरा मार्ग निवृत्तीच्या निधीतून उचल करण्याचा. तो आम्ही लवकर सोडला. ८ टक्क्यांनी वाढणारे ८० वीस वर्षांत सुमारे ३७३ होतात. आजची सोय आणि साठीतली चणचण असा तो व्यवहार झाला असता.

वडीलधाऱ्यांकडे मागण्याचाही विचार झाला. तिच्या आईने देऊ केलं होतं. पण ताईचं बोलणं ताजं होतं आणि धाकटीने स्वतःच नको म्हटलं.

घर विकावं का, यावर दोघांचं पटलं नाही. नवरा तयार होता. त्याचं म्हणणं, एक खोली कमी असती तर हप्ता २७ पर्यंत आला असता, ११ कायमचे सुटले असते. तिचं म्हणणं, मुलगी त्या शाळेत रुळली आहे आणि तीन वर्षांत दुसऱ्यांदा सामान बांधायची ताकद आपल्यात नाही. त्यात विकण्या-घेण्याचा खर्च, करार, दलाली, हस्तांतर. कर्जाच्या पहिल्या वर्षांत हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो. तीन वर्षांनंतरही त्यांच्या ३८ मधले ३० व्याजाचे होते, त्यामुळे मुद्दल फारसं हललं नव्हतं. घराचा प्रश्न बाजूला ठेवला. मिटला नाही, हे मला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

उरली गाडी. बाजारात तिला ५२० मिळत होते, कर्ज ४९४. विकून हातात फक्त २६. नवरा म्हणाला, "२६ साठी गाडी द्यायची?" आकडा तसा पाहिला तर त्याचं बरोबर होतं. पण पुढचे ४२ महिने दरमहा १४ मोकळे होणार होते. त्या बांधलेल्या ८२ मधली सैल करता येण्यासारखी सगळ्यात मोठी गाठ तीच होती.

काय केलं

गाडी विकली. मुलीची ७० ची ठेव मोडायला मात्र तिचं मन घेत नव्हतं. ठेवीवर ७ टक्के मिळत होते आणि त्याच वेळी कार्डावर ४२ टक्के जात होते. त्या ठेवीला मुलीचं नाव होतं, म्हणून हात लावला की आपण मुलीचे पैसे खाल्ले असं तिला वाटे. मी तिला एवढंच विचारलं की ठेव तशीच ठेवून कार्ड वाढू दिलं, तर दोन वर्षांनी मुलीच्या नावावर नेमकं काय उरेल. त्या रात्री दोघांनी बसून हिशेब केला आणि सकाळी मला फोन आला. गाडीचे २६ आणि ठेवीतले ५४ मिळून कार्ड पूर्ण फेडलं. ठेवीचे १६ अडीअडचणीला ठेवले. कार्ड बंद केलं, एकच लहान मर्यादेचं दुसरं ठेवलं आणि त्याचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं ठरलं.

येण्याजाण्यासाठी ऑफिसची बस आणि टॅक्सी मिळून ४. पेट्रोल आणि गाडीची देखभाल वाचली म्हणून घरखर्च १९ वरून १७. बाहेर जाणं, वाढदिवस, कपडे यांना यावेळी मी हात लावू दिला नाही. नवी बेरीज ९० झाली. १० उरू लागले. बँकेकडून मुदतीआधी भागशः फेडीची अट आणि तिचं शुल्क लेखी मागवलं, आणि ते १० वैयक्तिक कर्जात भरायला सुरुवात केली. ९ ऐवजी १९ भरले की २२ महिन्यांचं कर्ज १० महिन्यांत संपतं.

नवऱ्याला हे सोपं गेलं नाही. पहिले तीन आठवडे तो ऑफिसात गाडी सर्व्हिसिंगला दिल्याचं सांगत होता. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने खरं सांगितलं. टेबलावरच्या दोघांनी नंतर बाजूला घेऊन त्याला विचारलं की गाडी नेमकी कशी विकली, कर्जाचे कागद कसे केले.

निष्पत्ती

कर्ज दहाव्या नाही, अकराव्या महिन्यात संपलं. मधल्या एका महिन्यात तिचा कामाचा लॅपटॉप बंद पडला, ठेवीचे १६ गेले आणि त्या महिन्यात १० ऐवजी ३ च भरता आले. पण कार्डावर काही चढलं नाही. माझ्या दृष्टीने ही अकरा महिन्यांतली सगळ्यात मोठी घटना, कारण आधीच्या आयुष्यात तो लॅपटॉप नक्की हप्त्यांवर आला असता.

बाराव्या महिन्यापासून १९ मोकळे झाले. १० आकस्मिक निधीत, ९ गाडीच्या वेगळ्या खात्यात. पगार वाढले, पण ती वाढ शाळेची फी आणि महागाई यांनीच खाल्ली, म्हणून इथे धरलेली नाही. दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा गाडीच्या खात्यात ११७ होते. त्यातून एक वापरलेली छोटी गाडी रोखीने घेतली. आकस्मिक निधीत १३० आहेत, त्यावर घराचे दीड-पावणेदोन महिने निघतील. निदान सहा महिन्यांचे असावेत असं माझं म्हणणं आहे. ते व्हायला अजून बराच काळ जाईल. घराचा हप्ता अजून ३८ आहे. दोन वर्षांत सहल एकच झाली, जवळची, आणि तिचे पैसे निघायच्या आधीच भरलेले होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले तीन महिने मी वाया घालवायला नको होते. आता कुणीही आलं की मी सगळ्यात आधी खर्चाचे दोन ढीग करते: महिना सुरू व्हायच्या आधीच ठरलेला, आणि महिन्याभरात ठरणारा. पहिला ढीग मिळकतीच्या अर्ध्याहून बराच मोठा असेल, तर दुसऱ्याला हात लावत नाही. लोक मात्र उलटं करतात आणि मीही तेच केलं, कारण हॉटेलचं बिल डोळ्यांत भरतं आणि हप्ता खात्यातून गुपचूप जातो.

घराचा प्रश्न मी लवकर सोडला, असं मला आजही वाटतं. ३८ मध्ये त्यांचं अजून पंधरा वर्षं अडकलेपण आहे. त्या वेळी दोघांची मनं थकली होती म्हणून मी पुढे रेटलं नाही. पण निदान पाहुण्यांच्या खोलीत भाडेकरू ठेवता येईल का, एवढं तरी मांडायला हवं होतं. ते मला सहा महिन्यांनी सुचलं, तोवर त्या खोलीत नवऱ्याचे आईवडील राहायला आले होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताईशी बोलणं घर घेण्याआधी व्हायला हवं होतं. ती एक संध्याकाळ तीन वर्षं आधी झाली असती, तर खोली एक कमी असती, गाडी लहान असती आणि हे प्रकरण घडलंच नसतं. दोन बहिणी एकाच गावात राहत होत्या, आठवड्याला भेटत होत्या. भाऊबहिणींनी, मित्रांनी एकमेकांना पगाराचा आकडा सांगावा असं मी म्हणत नाही. पण मोठी खरेदी करताना "तुम्हाला यात कुणाची मदत झाली का?" एवढं विचारायची मोकळीक घराघरांत असायला हवी, आणि ज्याला मदत झाली त्याने ती झाल्याचं सांगायला हवं. ताईच्या मनात काहीच वाईट नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

आजची स्थिती

गेल्या महिन्यात ताई माझ्याकडे आली, एकटीच. सासू-सासरे आता धाकट्या मुलाकडे राहायला जाणार आहेत. मुलांना सांभाळायला माणूस लागेल आणि फीची दुसरी अर्धी बाजूही आता यांच्याकडे येईल. तिने बहिणीसारखाच कागद करून आणला होता आणि त्यात स्वतःच एक जास्तीचा रकाना आखला होता, 'दुसऱ्यांनी भरलेलं'. फीचे ६, मुलांना सांभाळायचे ८, गाडीचे १२, घराच्या ६० टक्क्यांचा हप्ता लागला असता तर तो १८. बेरीज ४४. खाली तिने लिहिलं होतं: ७२ वजा ४४, आपले २८. इतक्या वर्षांत स्वतःची बचत जवळपास नाही, कारण पुढेमागे सासऱ्यांचं मिळणारच, असं दोघांनी धरलं होतं.

१४ चा भार लगेच येणार आहे. कंपनीची गाडी भावोजींच्या नोकरीपुरती आहे. दोन सहलींपैकी एक रद्द करावी की दोन्ही, असं तिने विचारलं. मी तिला म्हटलं, सहलींचं नंतर बघू, आधी ठरलेल्या खर्चाची यादी करू. पहिल्या भेटीत तेवढंच झालं.